शेंडीनं कुणाचं पाहिलं?

"आज दुपारी जो डोळा मिटेल, त्याच्या नाकात गवताची काडी!" भिंगरीनं दम भरला.

"मग आधी तुझ्यासाठीच एक शोधून ठेव," मास्तर म्हणाला. हा तिचा मामेभाऊ. नाकावर चष्मा, खिशात वही. भिंगरीचा धाकटा भाऊ गुंड्या तर तोवर जांभई देऊन मोकळाही झाला होता!

तिघं गोठ्याच्या माळ्यावर, वाळल्या गवतात लपली होती. खाली मामाच्या वीस शेळ्या. सुट्टी लागल्यापासून रोज एकच प्रकार! दुपारी सगळे आडवे झाले की गोठ्याचं आत-बाहेर दोन्हीकडं उघडणारं अर्धं दार सताड उघडं आणि शेळ्या मामीच्या रोपवाटिकेत. काल तर गुलाबाच्या रोपांच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या.

खापर फुटलं धारआजोबांवर. पंचवीस वर्षं ते इथं धारा काढत होते, आणि दुपारी शेवटी बाहेर पडायचे तेच. "काका, तुमच्या हल्ली लक्षात राहत नाही. रविवारपासून आराम करा," मामानं काल सांगून टाकलं. आजोबा भांडले नाहीत. नंतर भिंगरीला हळूच म्हणाले, "खटका लावला होता गं मी. पण आता माझाच माझ्यावर भरवसा राहिला नाही." तेव्हापासून तिला घास गोड लागत नव्हता.

आजोबा बाहेर पडले. खटका टक् वाजला. "लागला!" मास्तरनं वहीत वेळ टिपली.

मग सगळं शांत झालं. कौलांच्या फटींतून ऊन उतरलं, त्यात धूळ तरंगू लागली. खाली रवंथ चालला होता, संथ, एका लयीत. अर्धवट मिटल्या डोळ्यांनी शेळ्या कुठंतरी बघत होत्या. काय बरं आठवत असतील, असं मनात येता येता भिंगरीच्याच पापण्या जड झाल्या.

"काडी!" मास्तर कुजबुजला. "आणि ती बघ!"

डोक्यावर तुरा असलेली शेंडी उठली होती. दाराशी जाऊन तिनं मान बाहेर काढली, डावीकडं कलवली, हनुवटी खटक्याखाली घातली आणि वर उचलली. टक्! मग पुढचा गुडघा दाराला लावून ढकललं. तिच्यामागं एक इवलं करडू मान डावीकडं कलवून हवेतच हनुवटी उचलत होतं!

"चोर सापड..." गुंड्या ओरडणार, तोच भिंगरीनं त्याचं तोंड दाबलं. "थांब रे! हे मी सकाळीच पाहिलंय. मान, हनुवटी, गुडघा... अगं बाई, हा तर मामा!"

तिघांनी शेळ्या आत हाकलल्या आणि घरी धूम ठोकली.

"झोपमोड कसली करता रे?" मामा करवादला.

"मामा, चल ना! आणि दोन भरलेल्या बादल्या घे!"

मामी आणि आजोबाही मागोमाग आले. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून मामानं नेहमीसारखी मान डावीकडं कलवली, हनुवटीनं खटका उचलला आणि गुडघ्यानं दार ढकललं. "यात काय विशेष?"

"आता खटका लावून इकडं लपा!" भिंगरीनं सगळ्यांना कडब्याच्या ढिगामागं बसवलं.

थोड्या वेळानं शेंडी उठली. मान, हनुवटी, टक्, गुडघा!

"अहो, अगदी तुम्हीच!" मामीला हसू आवरेना. "दाढी तेवढी जास्त!"

मामाचे कान लाल झाले. "रोज मीच शिकवत होतो म्हणायचं," तो पुटपुटला. मग आजोबांसमोर जाऊन उभा राहिला. "काका, चुकलं माझं. रविवारीही या. रोज या."

"म्हणजे मी विसरत नव्हतो," आजोबा म्हणाले. पुन्हा एकदा तेच म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. भिंगरीलाही रडू फुटलं, पण ते आनंदाचं होतं.

"शाबास रे पोरांनो!" मामानं तिघांच्या पाठी थोपटल्या. "वीस शेळ्यांना दिसलं, ते तुम्हालाही दिसलं. आंधळे आम्हीच!"

आजोबांनी लाकडाची एक खुंटी तासली आणि शेळ्यांकडं पाठ करून ती खटक्यात बसवली. "आता हे ह्यांना दिसायला नको," ते म्हणाले.

पण दाराच्या फटीतून ते इवलं करडू टक लावून बघत होतं.

"आजोबा, ते बघतंय!" भिंगरी ओरडली.

आजोबांनी वाकून पाहिलं आणि हसले. "बघू दे गं. मी खरंच कधी विसरलो, तर ते लावेल."