मागची बाजू

जुन्या रेकॉर्ड्स कॉम्प्युटरवर उतरवून देणं हा माझा धंदा. तबकडी आधी दिव्याखाली तिरकी धरायची, मगच लावायची. जिथे सुई जास्त फिरली, तिथली चमक जाते. माणसं काहीही सांगतात, तबकडी थापा मारत नाही. ताई मला शंकासूर म्हणते, ते काही खोटं नाही.

ऐंशीच्या दशकात ताईचं एक गाणं तुफान गाजलं, गल्लोगल्ली वाजायचं. मग तिला कुणी विचारलं नाही. आता इतक्या वर्षांनी, शनिवारी तिचा कार्यक्रम होता. बाई हरखून गेली होती. शेजारच्या खोलीत सकाळपासून रियाझ चालू. म्हटलं, तिची रेकॉर्डही उतरवून ठेवू. गाजलेली बाजू पार झिजलेली, मागची कोरी करकरीत.

"मागे काय आहे गं?"

"कोण जाणे. त्या दिवशी मी तापाने फणफणले होते, गेलेच नाही. काहीतरी भरलं असेल त्यांनी."

लावलं. आवाज ताईचा. ओळीआधी ती नाकाने श्वास ओढते, तोसुद्धा! माझं डोकंच सणकलं. कुणा नकलाकार पोरीला गायला लावलं की काय? शनिवारी कुणी हे उकरून काढलं, तर ताईची शोभा. रेडिओवर माझा एक दोस्त आहे, पक्क्या कानाचा. आवाज कुणाचा ते सांग, म्हणून गाणं त्याला पाठवलं. मग मी पुन्हा ऐकलं. आणखी एकदा ऐकलं.

भिंतीपलीकडे ताई अडखळली.

"घसा बसला वाटतं," ती दारात येऊन म्हणाली. "ते बंद कर बाबा. अंगावर काटा येतोय."

ती परत गायला बसली. मी सुई हळूच टेकवली. पलीकडचा सूर गेला. उचलली. आला, पण घोगरा, आधीपेक्षा बारीक.

मी रेकॉर्ड कपाटात कोंडली. कॉम्प्युटरवरचं गाणं पुसलं.

"शनिवारपर्यंत येईल ना रे आवाज?" ताई कुजबुजली.

"येईल गं. का नाही येणार?"

मला रडू आवरत नव्हतं.

तेवढ्यात दोस्ताचा फोन.

"अरे शंकेखोरा, तीच आहे ती! मघाशी रेडिओवर लावलं, लोक वेडे झालेत. आता दिवसभर वाजवतोय."

दारात ताई उभी होती. 'कोण आहे रे?' असं विचारत असावी. ओठ तरी तसेच हलले.