थोंगच्या बारचं मागचं दार

कोपऱ्यातला तो दिवा राहू द्या. बर्फ थांबेपर्यंत टॅक्सी काही मिळत नाही आता. बारचा मालक चावी माझ्याकडे देऊन गेलाय, तेव्हा घाई कसली? छिंग, तू गाऊन गाऊन दमलीयस, हीटरला पाठ लावून बस. आणि तुम्ही दोघं तो सॉसेजचा तुकडा संपवून टाका.

काय म्हणतेस? तीस वर्षं या गल्ल्यांतल्या बारांत अकॉर्डियन वाजवलं म्हणजे भूत दिसलंच असेल? मला नाही दिसलं. पण थोंगची गोष्ट सांगतो. थोंग याओपिन. त्यानं स्वतःच्या तोंडानं मला सांगितलेली आहे, आणि शेवटचं जे आहे ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

थोंगचा बार इथून दोन गल्ल्या पलीकडे होता. छोटासाच. समोर काचेचं दार, त्याच्याबाहेर शटर. मागे लोखंडी दार, ते अंगणात उघडायचं. हिवाळ्यात आपल्या हार्बिनचे बर्फाचे दिवे बघायला दक्षिणेकडची माणसं यायची, ती दिवे बघून झाले की गारठून आमच्या गल्ल्यांत शिरायची. थोंगचा सगळा धंदा त्यांच्यावर. माणूस बोलका, थट्टेखोर. वाटेवरच्या माणसाला ओळख नसताना खांद्यावर हात टाकून आत आणायचा.

महामारी आली त्याच्या आदल्या वर्षीचा हिवाळा. जुन्या पंचांगाच्या बाराव्या महिन्यातली तेविसावी रात्र, चुलीच्या देवाची. संध्याकाळी बायकोचा फोन आला, चिकट साखर घेऊन ये. देव आज वर जाणार, वर्षभर घरात काय काय पाहिलं ते सांगायला, त्याच्या तोंडाला साखर चिकटवल्याशिवाय पाठवायचा कसा? थोंग कोपऱ्यावरच्या दुकानात गेला. दुकानदारीण म्हणाली, "एवढीशीच? बारवाल्याला तर पोतंभर लागेल."

"माझा देव मुकाच आहे, काकू," थोंग म्हणाला. दोघं हसले.

परत येताना त्याला गल्लीत एक पोरगा दिसला. भाड्याचा मोठा कोट, त्यात हरवलेला. हातमोजे काढून तळवे वर धरलेले. बर्फ झेलत होता.

"काय रे बटाट्या," थोंग म्हणाला. दक्षिणेकडच्यांना आपण म्हणतो तसं. "बोटं इथंच ठेवून जाणार का घरी? चल आत."

तो फू हायशंग. हायनान बेटावरचा, तेवीस-चोवीस वर्षांचा, स्कूटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला. जन्मात पहिल्यांदा बर्फ बघत होता. मी तेव्हा थोंगकडेच वाजवायचो, त्यामुळे त्याला चांगलं पाहिलं. हसरा पोरगा. आत आला, कोट खुर्चीवर टाकला आणि विचारतो कसा, "दादा, ओलं फडकं बाहेर धरलं तर खरंच लाकडासारखं कडक होतं?"

"फडकं कशाला वाया घालवतोस? नाक धर बाहेर. नंतर तोडून खिशात घालून घेऊन जा, आईला दाखवायला."

सगळा बार हसला. पोरगा सगळ्यात जास्त हसला. मग थोंगनं आपली ज्वारीची दारू काढली, घरची, कडक. त्याच्यासमोर पेला ठेवला. "ही घे. पोटात शेगडी पेटते. मग ही थंडी तुझं काय वाकडं करते ते बघू."

पोरानं एक घेतला. थोंगनं दुसरा भरला. मग तिसरा. त्याला सवय नव्हती हे दिसत होतं. थोंगलाही दिसत होतं. पण पोरगा गमतीशीर बोलत होता, इतर गिऱ्हाईकं त्याच्यासाठी मागवत होती, धंदा चालला होता. मी अकराच्या पुढे कधीतरी अकॉर्डियन पेटीत घातलं आणि निघालो. पोरानं मला दारापर्यंत पोचवलं. म्हणाला, "काका, सांभाळून हं, बाहेर घसरतं." मला सांगत होता. या बर्फात जन्म गेलेल्याला.

पुढचं थोंगनं सांगितलेलं.

बार रिकामा होत गेला. शेवटी पोरगा एकटाच उरला. तो म्हणाला, "दादा, आईला बर्फ दाखवतो," आणि फोन हातात घेऊन मागच्या दारानं अंगणात गेला. अंगातल्या स्वेटरवरच. तेवढ्यात थोंगला बायकोचा फोन. डंपलिंग उकळायला टाकू की नको, देव तुझ्यासाठी थांबणार आहे का, दर वर्षी हेच. थोंग फोनवर बोलत बोलत बाटल्या उचलत होता, दिवे घालवत होता. मागच्या दाराची कडी त्यानं घातली. रोजच्या सवयीनं.

कोट खुर्चीवरच होता. तो दिसला का, असं मी त्याला विचारलं होतं. म्हणाला, "दिसला. वाटलं, पोरगा समोरून गेला असेल, कोट विसरला असेल, उद्या येईल." असं त्याला खरंच वाटलं होतं का, ते त्यालाच ठाऊक.

शेवटचा दिवा घालवला आणि मागचं दार वाजलं.

जोरात नाही. बोटांच्या सांध्यांनी, हळू. शेजारी साखर मागायला येतो ना, तसं.

थोंग अंधारात उभा राहिला. त्याच्या मनात आलं, दार उघडलं की हा आत येणार, आणखी एक मागणार, बेटाच्या गोष्टी सांगणार, तासभर जाणार. घरी बायको. तो हलला नाही. श्वासही जपून घेत होता, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. स्वतःच्या बारमध्ये, चोरासारखा.

दार वाजत होतं. थोडा वेळ थांबायचं... परत वाजायचं.

मग त्यानं समोरचं दार हळूच उघडलं, शटर आवाज न करता ओढलं आणि घरी गेला. डंपलिंग खाल्ले. देवाच्या तोंडाला साखर लावली.

अंगणाचं फाटक रात्री बंद असतं, तुम्हाला माहीतच आहे. भोवतीच्या घरांच्या सगळ्या खिडक्या दुहेरी काचेच्या, त्यातून हाक काय ऐकू जाणार? आणि त्या थंडीत फोन किती वेळ जगतो? सकाळी कचरा न्यायला आलेल्या बाईला तो दाराशी बसलेला सापडला.

पोलीस आले. थोंगनं सांगितलं, पोरगा समोरून गेला असं वाटलं, मी काही ऐकलं नाही. दारू प्यालेला परका माणूस, अपघात. कुणी फार विचारलं नाही.

चौथ्या दिवशी त्याची आई आली. मी होतो तिथं. लहानखुरी बाई, पायात पातळ कापडी बूट, कुणाचं तरी जाकीट अंगात. रडत नव्हती. तिनं थोंगचे हात हातात घेतले. म्हणाली, "फोनवर तो तुमच्याबद्दलच सांगत होता. म्हणाला, आई, इथं एक दादा भेटलाय, मला अजिबात थंडी वाजू देत नाही." आणि तिनं पिशवीतून सुक्या नारळाची पाकिटं काढून काउंटरवर ठेवली. आभार मानायला आली होती ती.

जाताना दाराशी थांबली. "भाऊ, एक विचारू? त्यानं दार वाजवलं नसेल का?"

थोंग म्हणाला, "नाही, ताई. वाजवलं असतं तर मी उघडलं नसतं का?"

मी त्याच्याकडे बघत होतो. त्याचा चेहरा अगदी साधा होता. मलाही ते खरंच वाटलं.

पण त्यानंतर माणूस बदलला. थट्टा बंद. वाटेवरच्यांना आत बोलावणं बंद. ज्वारीची दारू त्यानं मोरीत ओतली. मागच्या दारासमोर बिअरचे क्रेट रचले, छतापर्यंत. मी म्हटलं, "अरे, जायचं-यायचं कुठून?" तर म्हणाला, "तिकडून कुणाला यायचंय?"

वर्ष गेलं. तीच तिथी आली. बाराव्या महिन्यातली तेविसावी.

त्या रात्री मला ताप होता, मी गेलो नव्हतो. थोंगनं लवकरच आवरायला घेतलं. शेवटची मंडळी गेली. बायकोचा फोन आला, "यंदा तरी वेळेवर ये." म्हणाला, निघालोच. दिवे घालवले.

आणि क्रेटच्या पलीकडे... लोखंडी दार वाजलं.

हळू. बोटांच्या सांध्यांनी.

थोंग म्हणतो, मला भीती नाही वाटली. वाटलं, बरं झालं. वर्षभर मी याचीच वाट बघत होतो. त्यानं क्रेट उतरवायला सुरुवात केली. एकेक. घामाघूम झाला. पलीकडे दार वाजत होतं. थांबायचं. परत वाजायचं. शेवटचा क्रेट बाजूला केला, कडी काढली, दार उघडलं.

कुणी नव्हतं.

अंगणात संध्याकाळपासून पडलेला बर्फ. सपाट. त्यावर मांजराचंही पाऊल नव्हतं.

थोंग उंबऱ्यात उभा राहिला. म्हणाला, "आत ये, पोरा."

काही नाही.

"मी ऐकलं होतं," तो म्हणाला. "त्या रात्री. मी ऐकलं होतं रे. आत ये."

गार हवा त्याच्या अंगावरून आत गेली. बराच वेळ जात राहिली. थोंगनं मला सांगितलं, वारा तर नव्हताच. बर्फ सरळ पडत होता. तरी ती आत जात होती... सावकाश... कुणी अंग चोरून बाजूनं जावं तशी.

मग थांबली.

थोंगनं दार लावलं. मागे वळला. अंधार. खुर्च्या. कुठं काही नाही. पण गारवा... पाठीशी. तो चालला की चालायचा. आता मात्र त्याला भीती वाटली. मागे न बघता तो समोरच्या दाराकडे गेला. बाहेर पडला. काचेचं दार ओढलं. कुलूप लावलं. शटर धरलं.

काच वाजली.

आतून.

लोखंडाचा आवाज वेगळा, काचेचा वेगळा. काचेवर बोटाचं हाड वाजतं.

हळू... थांबून... परत.

आत अंधार होता, काही दिसत नव्हतं. चावी त्याच्या हातात होती. कुलूप त्याच्या पोटासमोर. हात पुढे करायचा, फिरवायची, बस.

तो उभा राहिला. श्वास जपून घेत.

छिंग, नको, बोलू नकोस आता.

त्यानं शटर खाली ओढलं आणि पळाला.

सकाळी उजाडल्या उजाडल्या त्याचा मला फोन आला. "शिंग दादा, ये. एकटा उघडू शकत नाही." अंगात ताप होता तरी गेलो. थोंग शटरसमोर उभा होता, रात्रीच्याच कपड्यांत. घरी गेलाच नव्हता. नदीकाठानं फिरत राहिला होता. तिथंच उभ्या उभ्या त्यानं मला सगळं सांगितलं, आत्ता मी तुम्हाला सांगितलं ते. दोन्ही वर्षांचं.

मी शटर वर केलं.

काचेवर बर्फ धरला होता. आतल्या बाजूनं, वरपासून खालपर्यंत. पांढरा, दाट. आता ऐका. शहराचं गरम पाणी हिवाळाभर हीटरच्या नळांतून फिरत असतं, ते बंद करायचं म्हटलं तरी आपल्या हातात नाही. मी आत गेलो, हीटरला हात लावला, चटका बसला. खोलीत स्वेटर नको वाटावा इतकी ऊब. काउंटरवरच्या बादलीतलं पाणी कोमट. आणि काचेवर बर्फ.

थोंग माझ्यामागून आत आला. त्यानं फोन काढला आणि हायनानला लावला. पोराच्या आईचा नंबर वर्षभर त्याच्याकडे होता. मी "अरे, थांब" म्हणेपर्यंत पलीकडून तिचा आवाज आला.

"ताई," तो म्हणाला, "मी थोंग. हार्बिनहून. त्या रात्री दार वाजलं होतं. मी ऐकलं होतं. उघडलं नाही."

पलीकडे कुठंतरी कोंबडा आरवत होता, तेवढं ऐकू येत होतं. मला वाटलं, ती फोन ठेवेल. शिव्या देईल. द्यायलाच हव्या होत्या.

ती म्हणाली, "किती वेळ वाजवत होता?"

थोंग तर निघून गेला होता ना. त्याला कसं माहीत असणार?

"भाऊ? किती वेळ?"

तो काचेकडे बघत होता. मग बघता बघता तो खाली बसत गेला, भिंतीला धरून, फोन कानाशी तसाच. तो कुठं बघतोय म्हणून मीही वाकलो. आणि तेव्हा मला दिसलं.

त्या बर्फात, आतल्या बाजूनं, बोटांच्या सांध्यांच्या खुणा होत्या. चार चार ठिपके, उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीपासून सुरू झालेले. त्याखाली आणखी. कमरेशी आणखी. मग गुडघ्याच्या उंचीला, दाटीनं, एकावर एक. आणि शेवटचे अगदी तळाशी, फरशीला लागून. तिथं चार नव्हते. एकच ठिपका होता, आणि पुसट.