रोवेनाचं वाक्य

या, जरा जवळ सरका. हातातलं काम राहू द्या थोडा वेळ. रागातून प्रेम कसं उगवतं त्याची गोष्ट सांगते, आणि ती ऐकीव नाही. त्या रात्री माझ्या मैत्रिणीच्या, थियाच्या, शेजारच्या खुर्चीवर मीच बसले होते.

आमच्या बेटावर, होबार्टच्या जुन्या थिएटरात दर जुलैत एका शनिवारी, मध्यरात्री, ‘खेकडासुर’ लागतो. वर्षातून एकदाच. सिनेमा इतका वाईट की त्यावर जीव जडावा. रबरी खेकडा, त्याला ओढणाऱ्या दोऱ्या, आणि दीपगृहाचा एक रखवालदार, जो मरायलासुद्धा केस विंचरून निघतो. आम्ही सगळे पिवळे रेनकोट घालून जातो. दोरी दिसली की अख्खं थिएटर ओरडतं, “दोरीऽऽ!” चर्चमध्ये आमचे पाद्री प्रवचन गाता गाता मध्येच थांबतात आणि बाकांवरून एकदम ओ उठते ना, तसंच. मला तर दोन्हीकडे सारखंच भरून येतं. देव काही रागावत नसावा.

पण शेवटाकडे एक जागा आहे. रखवालदार समुद्रात उतरायला निघतो, नायिका दारात उभी असते, तिचे ओठ हलतात — आणि आवाजच नाही. रीळ तिथं मुकं झालंय. तिथं सगळ्यांनी गप्प बसायचं आणि एकाच माणसानं तिचं वाक्य बोलायचं, दरवर्षी नवं, हा आमचा नेम. ते वाक्य कायम रोवेना बोलायची, आमची मैत्रीण. त्या वर्षी एप्रिलमध्ये ती गेली. जाण्याआधी इस्पितळात थियाला खाली ओढून तिनं त्या वर्षीचं वाक्य तिच्या कानात सांगून ठेवलं होतं. थियानं ते आम्हालाही सांगितलं नव्हतं.

ती जागा आली. थिएटर चिडीचूप. थिया उठली, तिनं श्वास घेतला...

“आधी चिप्स खाऊन जा!” मागून एक पुरुषी आवाज आला.

सगळे खो खो हसत सुटले. थिया मात्र पांढरीफटक पडली, मग लाल झाली, आणि लोकांचे पाय तुडवत मागच्या रांगेकडे निघाली.

“कोण रे तो?”

“मी,” एक उंच मुलगा म्हणाला. अंगावर रेनकोट नाही, पावसानं भिजलेले केस कपाळावर, हसू अजून ओठांवर.

“बाहेर ये.”

दाराबाहेर मी आणि आमच्या टोळीतला गस तिच्या मागेच उभे राहिलो. न जाणो, तिनं त्याला मारलंच तर.

“तुला मध्ये तोंड घालायला सांगितलं कुणी?”

“आमच्या मेलबर्नमध्ये तर जो आधी ओरडेल त्याचं वाक्य. सगळेच ओरडतात...”

“मग जा ना मेलबर्नला! मध्ये समुद्र आहे, पोहत जा.”

“पाणी गार आहे गं,” गस म्हणाला. “बोटीनं तरी जाऊ दे बिचाऱ्याला.”

“तू गप्प बस, गस!”

“मी कॉर्मॅक. आणि मला खरंच माफ—”

“माफी मागू नकोस. माझा राग कमी होईल, आणि आज मला तो हवाय.”

“बरं, नाही मागत.” तो घुटमळला. “पण रागावल्यावर तुझे डोळे...”

“कर, पूर्ण कर वाक्य. मग बघ.”

“नको. एका रात्रीत एक वाक्य पुरे झालं माझं.”

थियाला हसू येता येता राहिलं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. “ते वाक्य माझ्या मैत्रिणीचं होतं. ती गेली. एप्रिलपासून मी ते तोंडात धरून बसलेय... आणि तू? चिप्स!”

कॉर्मॅकचं हसू मावळलं. तो वळला आणि आत गेला.

“पळाला,” गस म्हणाला. “समुद्रापलीकडचे सगळे असलेच.”

तेवढ्यात आतून हुर्यो उठली. आम्ही धावलो. सिनेमा संपून दिवे लागले होते, आणि कॉर्मॅक पडद्यासमोर उभा होता. पॉपकॉर्न आणि कागदाचे ओले बोळे त्याच्यावर चहूकडून बरसत होते.

“मी चोर आहे!” तो ओरडत होता. “इथली रीत मला माहीत नव्हती. नाव मला माहीत नाही, पण जी गेली, तिचं वाक्य मी चोरलं. ते बोलणारी बाहेर उभी आहे. रीळ परत लावा! तोवर मारा काय मारायचं ते.”

“रोवेना!” कुणीतरी हाळी दिली, आणि नेम धरून अर्धा मीट-पाय, म्हणजे रसदार खिम्याची कचोरी, त्याच्या कॉलरवर फेकला. मी पाहिलं, गस माझ्या शेजारी नव्हता. नाव त्यानंच ओरडून सांगितलं असणार.

प्रोजेक्टरच्या झरोक्यातून आवाज आला, “शेवटचं रीळ चढवायला वेळ लागेल. घाई कुणाला आहे?”

एकही माणूस उठला नाही.

थिया तरातरा पुढे गेली. “माझं दुःख वेशीवर टांगायला कुणी सांगितलं होतं तुला?”

“कुणी नाही. रागाव हवं तेवढं. पण आधी बोल.”

दिवे मालवले. रखवालदारानं केस विंचरले, नायिका दारात आली, तिचे ओठ हलले. थिया मुठी आवळून, कुणाशी तरी भांडत असल्यासारखी ओरडली:

“येताना दूध आण!”

मागच्या रांगा हसल्या, आणि रोवेनाला ओळखणारे आम्हीही हसलो, अगदी पोट धरून... अन् हसता हसता गसनं रेनकोटात तोंड लपवलं.

“येताना म्हणे!” थिया रडत रोवेनावर फणफणत होती. “मूर्ख बाई. येणार आहेस का तू?”

बाहेर बारीक पाऊस होता. कॉर्मॅकच्या कॉलरवरचं बरबाट थियानं बाहीनं पुसायला घेतलं, करपलेलं पातेलं घासावं तसं.

“लागतंय.”

“लागू दे. हसलास ना मघाशी?”

“हो... खूप. आणि मग रडलो. मी तर तिला पाहिलंही नव्हतं.”

“हसला नसतास तर जन्मात बोलले नसते तुझ्याशी.”

“म्हणजे आता बोलशील?”

“मी अजून रागावलेय.” तिचा हात मात्र कॉलरवरून हलला नव्हता. “राग संपेपर्यंत इथून जायचं नाही. आवडलायस तू मला, आणि त्याचाही राग आलाय.”

“आणि राग संपला तर?”

“नवा काढीन.”

तो गेला नाही. त्यांच्या लग्नात मीच गायले, आणि गाणं लांबलं म्हणून नवरी माझ्यावर रागावलीसुद्धा.

आता एवढंच करा. आज निजताना देवाचं नाव घ्याल, तेव्हा त्याच्यामागून रोवेनाचंही घ्या. मी तिला चर्चमध्ये ओढून न्यायचे, तर ती शेवटच्या बाकावर घोरायची. पण देवालाही कधीतरी हसवायला कुणी लागत असेलच की.