आधी डोंगर, मग पेला

सकाळी ६.३० : फाट्यावर जमणे

तो फाट्यावर नव्हताच. कड्यावर अडकला होता.

चैत्रातली सकाळ. बाळहिरड्याचं ओझं डोक्यावर घेऊन मी उतरत होते, तर कड्याच्या अलीकडे एक माणूस दगडाला मिठी मारून बसलेला. पायात नवे बूट, एका हातात मोबाइल. खाली डिंभे धरणाचं पाणी.

"पावणं, ती वाट जनावरांची हाय."

"नकाशात तर वाट दिसतेय…"

"मग नकाशालाच म्हणा, हात दे."

तो हसला. मग त्यानं खाली पाहिलं आणि हसू गेलं. मी ओझं उतरवलं, हात पुढे केला. त्याचा तळवा गार होता, घामानं भिजलेला. सपाटीवर आल्यावर सोडायला हवा होता – त्यानं सोडला नाही. मीही.

"गोकुळ," तो म्हणाला. "पारगावचा."

"म्हंजी ऊसवाले."

"वडील ऊसवाले. मी… बिअरवाला."

शिनोलीच्या पुढे, आमच्याच गावच्या हद्दीत, फाट्यावर त्यानं शेड घातली होती. आत स्टीलच्या टाक्या. बिअर तो स्वतः बनवायचा. बेत असा, की रविवारी पुण्याची माणसं आणायची, सकाळी त्यांना डोंगर फिरवायचा आणि दुपारी शेडवर बसवून चार चवींचे चार लहान पेले द्यायचे. आधी डोंगर, मग पेला. टाक्या आल्या होत्या, परवाना आला होता. डोंगर दाखवणारं माणूस तेवढं मिळत नव्हतं.

"तुम्ही दाखवाल?"

"मी अक्षदा. बारावी झालेय, वाट चुकत न्हाई. पर पेल्याला हात लावणार न्हाई."

"डोंगर तुमचा, पेला माझा. ठरलं?"

ठरलं. पाहुण्यांना मोबाइलवर पाठवायचा वेळापत्रकाचा कागद मीच लिहिला. इथं प्रत्येक भागावर लिहिलेल्या वेळा त्यातल्याच.


सकाळी ८.०० : पठार, विश्रांती, फोटो

भाद्रपदात पठार सोनकीनं पिवळं होतं. पाहुणे फुलांत बसून फोटो काढायचे. गोकुळ उगाच माझ्या शेजारी येऊन उभा राहायचा. धुकं यायचं, दोघं पुसले जायचो, धुकं जायचं… आणि तो एक पाऊल जवळ आलेला असायचा.

"धुक्यात लई चालता तुमी," मी म्हणायचे.

"वाट चुकतो. एकीनं हात दिला होता, तेव्हापासून."

मागून आबा यायचे. माझे वडील, सावळाराम. चहाचा कॅन आणि पोह्यांचा डबा त्यांच्याकडे. कुणाशी बोलायचे नाहीत.

आबांनी दारू सोडून दोन वर्षं झाली होती. त्याआधी लावणीच्या दिवसांत ते बांधावर पडलेले असायचे आणि आई, चिमाबाई, त्यांच्या अंगावरून रोपांच्या मुठी नेत राहायची. एके सकाळी त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाले, "आता न्हाई." आणि खरंच नाही. घरात आम्ही तिघंही दिवस मोजत होतो, पण मोठ्यानं कुणी मोजत नव्हतं.

यातलं गोकुळला मी काही सांगितलं नव्हतं. एकदा त्यानं विचारलं, "तुझे वडील कधीच का बोलत नाहीत?"

"डोंगरात वारा बोलतो तेवढं पुरं व्हतं."

तो हसला. मला बरं वाटलं. खोटं पचलं की बरं वाटतंच.

एकदा आमच्या अंगणात आईनं मोड आलेली नाचणी दळून ठेवली होती, त्यातलं पीठ त्यानं चिमूटभर तोंडात टाकलं. डोळे मिटले. "हिची बिअर करतो."

"हे आमच्याकडं बाळाला भरवतात."

"मग मला बाळ समज."

"मिशा हायत की बाळाला."

"भरव तर… मिशा काढून येतो."

मी तोंड फिरवलं. कान गरम झाले होते.


दुपारी १.३० : चव (चार पेले)

डिसेंबर. नाचणीच्या बिअरचा पहिला दिवस. नाचणी आमच्या खाचरावरची, आबांनी स्वतः झोडलेली. पुण्याचे बारा पाहुणे लांब बाकांवर बसलेले. आबा मागच्या मोरीत कॅन विसळत होते.

"आबा, पुढं या!" गोकुळ ओरडला. "मंडळी, ही नाचणी यांच्या शेतातली."

टाळ्या. मोबाइल वर झाले. आबा ओले हात धोतराला पुसत उभे राहिले. गोकुळनं लहान नव्हे, मोठा पेला काठोकाठ भरला आणि दोन्ही हातांत धरून, वाकून, त्यांच्यापुढे केला.

"पहिला मान तुमचा. नाही म्हणायचं नाही."

आबांनी माझ्याकडे पाहिलं.

माझ्या हातात पाहुण्यांच्या नावांचा कागद होता. तीन शब्द पुरले असते – आबा घेत न्हाईत. पण मग कुणीतरी विचारलं असतं, का? गोकुळनं विचारलं असतं. मी कसल्या घरातली ते त्या बारा जणांसमोर त्याला कळलं असतं.

मी कागदाकडे पाहिलं. नावं मोजली. बारा.

"ग्वाड हाय," आबा म्हणाले. सगळे हसले. गोकुळनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं, की आता घरी येऊन मागणंच घालायचं बाकी आहे.

संध्याकाळी वाडीकडे परतणाऱ्या जीपमध्ये आबा नव्हते. देशीचं दुकान शेडपासून दोनशे पावलांवर होतं.


दुपारी ३.०० : परतीचा प्रवास

एक्केचाळीस दिवस.

पहिल्या आठवड्यात ते लाजत होते.

दुसऱ्या आठवड्यात लाजत नव्हते.

तिसऱ्या आठवड्यात आईनं भाकरी वाढताना एक ताट कमी घेतलं, मग परत जाऊन आणलं.

एकदा ते माझ्या डोक्यावर हात ठेवायला आले. मी बाजूला झाले.

शेवटी ओढ्यात सापडले. पालथे. पाणी घोट्याएवढं होतं. एवढ्या पाण्यात माणूस बुडतो हे मला माहीत नव्हतं.

गोकुळ मातीला आला. लांब, करवंदीच्या जाळीपाशी उभा राहिला. आईची चुलती, साळुबाई, काठी टेकत त्याच्याकडे गेली.

"दोन वरसं सोडली व्हती त्यानं. ठावं न्हाई तुला? तूच पाजलीस की, मान म्हणून."

त्यानं माझ्याकडे पाहिलं… अगदी आबांनी पाहिलं होतं तसं.

मी तेव्हाही नजर खाली वळवली.


(यापुढच्या वेळा कागदावर नव्हत्या)

पुढचे रविवार मी डोंगर दाखवायला गेले नाही. त्यानं बोलावलंही नाही.

आईनं मात्र दारूबंदीच्या अर्जावर पहिला अंगठा उठवला. मग वाडीवाडीतल्या बायकांचे अंगठे आणि सह्या झाल्या, आणि दुकान बंद करायचं मतदान लागलं. मत फक्त बायकांचं. चिठ्ठीवर दोन चित्रं – उभी बाटली, आडवी बाटली. यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारला तरच गावातली दारू बंद. जी आली नाही ती दुकानाच्या बाजूची धरायची. आणि बंद म्हणजे सगळीच. देशीचं दुकान, आणि गोकुळची शेडही.

मी त्याला सांगायला गेले. तो टाकीचं झाकण घासत होता.

"आडवीला देणार?"

"व्हय."

"माझ्या बिअरनं माणसं मरत नाहीत, अक्षदा!"

शेडमध्ये तेच परत घुमलं. त्यानं घासणी खाली ठेवली, बराच वेळ ठेवतच होता.

"जा तू," तो म्हणाला.

मतदानाच्या दिवशी दुकानवाल्यानं गावातल्या सगळ्या गाड्या लेण्याद्रीच्या फुकट दर्शनाला लावल्या. ज्यांना पायऱ्या चढवतील त्या बायका पहाटेच गेल्या, गणपती आयता भेटतोय म्हणून. वरच्या वाडीतल्या म्हाताऱ्या ना देवाला गेल्या, ना शाळेत मत द्यायला येऊ शकत होत्या. दुपार झाली. शाळेच्या व्हरांड्यात मास्तर जांभया देत होते. आई माझ्या शेजारी उभी राहून रस्त्याकडे बघत होती. सकाळी तीन तास चालून ती उतरली होती.

वळणावर धूळ दिसली. गोकुळची जीप. दारावर फेसाळलेल्या पेल्याचं चित्र होतं, त्यावर त्यानं वर्तमानपत्र चिकटवलेलं, आणि ते वाऱ्यानं निम्मं उडालेलं. आत आठ म्हाताऱ्या दाटीवाटीनं, पुढच्या सीटवर साळुबाई.

"ह्यो गिलास कुणाचा रं चितारलेला?" उतरताना तिनं विचारलं.

"माझाच, आजी."

"आन् आमाला कशाला वाहतूस मग? येडा हायेस का?"

"जपून उतरा. पायरी उंच आहे."

तो पुन्हा वर गेला. पुन्हा. तिसऱ्या खेपेला त्याचा शर्ट धुळीनं मातकट झाला होता. एकदाही तो माझ्याकडे आला नाही. मी धावत जाऊन त्याला थांबवू शकले असते. नाही थांबवलं. आत जाऊन आडव्या बाटलीवर शिक्का मारला, शाई वाळेपर्यंत चिठ्ठीवर फुंकर घातली.

आडवी बाटली निम्म्यापेक्षा एकोणीस मतं जास्त घेऊन जिंकली. त्याच्या जीपमधून सव्वीस जणी उतरल्या होत्या.


सकाळी ६.३० : फाट्यावर जमणे

शेडला सील लागलं तेव्हा तो पायरीवर बसला होता. टाक्या आतच. दाराखालून आंबूस वास येत होता. मी थोड्या अंतरावर बसले.

"पारगावला चाललो," तो म्हणाला. "वडील म्हणतात, ऊस कुठं पळून गेलाय."

"एक सांगायचंय."

"आता नको काही."

"आबांनी माझ्याकडं पाहिलं व्हतं. पेला घ्यायच्या आधी."

तो वळला.

"मी नको म्हणाले असते तर त्यांनी घेतला नसता. मला ठावं व्हतं. मी कागदात बघितलं."

"का?"

"तुमाला कळू नये म्हणून… आमच्या घरातलं."

रस्त्यावरून एक एसटी गेली. तिची धूळ पायरीवर येऊन बसली.

"रोज रात्री मी तो पेला परत घेतो त्यांच्या हातातून," तो म्हणाला. "मला वाटायचं, मी एकटाच…"

"एकटे न्हाई."

प्रेमाचं आमचं बोलणं झालं ते एवढंच. दुसरं कुणी ऐकलं असतं तर त्याला ते प्रेमाचं वाटलंही नसतं.

"उद्यापास्नं हिरडा तोडायचाय," उठताना मी म्हणाले. "आबांचं झाड उंच हाय. माझा हात पोचत न्हाई."

"आणि मग?"

"मग काय न्हाई."

दुसऱ्या दिवशी तो आला. पायीच, माणसांच्या वाटेनं. अंगणाच्या कडेला उभा राहिला, पुढे आला नाही. आई चुलीपाशी होती. तिनं त्याला पाहिलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "घरात न्हाई यायचं त्यानं."

"न्हाई येणार."

"कवाच न्हाई."

"बरं."

ती आत गेली. भांड्याचा आवाज झाला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पाण्याचा पेला होता. घरातला एकमेव मोठा, आबांचा. तिनं तो उंबऱ्यावर ठेवला, तिथं न थांबता परत चुलीकडे वळली.

मी तो उचलून त्याच्यापर्यंत नेला. त्यानं दोन्ही हातांनी धरला. तोंडाला लावला नाही. वर मान करून माझ्याकडे पाहिलं.

या वेळी मी नजर काढली नाही.

"घे," मी म्हणाले. "पाणी हाय."