सातवा रकाना

"चोर कोण ते तुम्ही दुसऱ्याच पानावर सांगून टाकलंत."

ती दचकली. वाचनालयातला शनिवारचा गोष्टीचा तास नुकताच संपला होता, पोरं पांगली होती, आणि कपाटाआडून एक उंच, सडपातळ माणूस पुढे आला. हातात परत करायचं पुस्तक.

"काहीतरीच काय. चोर बाराव्या पानावर कळतो."

"पुस्तकात बाराव्या. तुमच्या आवाजात दुसऱ्या. मावशीचं नाव आलं की तुमचा आवाज एकदम मधाळ व्हायचा. तेव्हाच म्हटलं, हीच ती."

"आणि तुम्ही तासभर कपाटाआड उभं राहून हे ऐकत होतात?"

"चाळीस मिनिटं," तो म्हणाला. कान मात्र लाल झाले. जातो म्हणून वळला, दाराशी थांबून एकदा मागे पाहिलं... आणि परत करायचं पुस्तक हातात तसंच घेऊन निघून गेला.

आगाऊ माणूस, असं ती मनाशी म्हणाली. दोन दिवस अधूनमधून म्हणतच राहिली.

सोमवारी ती एका शाळेत गेली ती भिंगरीसाठी. भिंगरी सतरा वर्षांची. पोरगी एका जागी टिकत नाही म्हणून आईनेच ठेवलेलं हे नाव. ऐकलेली गोष्ट ती वर्षभराने जशीच्या तशी सांगायची, पण छापील ओळ समोर आली की अक्षरं तिला दाद देत नसत. तपासणीत निघालं ते असं: वाचनाची अडचण, जोडीला एडीएचडी, म्हणजे लक्ष आणि हातपाय एका जागी न टिकणं. शाळेच्या शेवटच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती. उत्तरं येत नव्हती म्हणून नव्हे, प्रश्न वाचण्यातच वेळ संपला म्हणून. आता तिसऱ्या खेपेला नियमाप्रमाणे तिला वाचक मिळणार होता, म्हणजे प्रश्नपत्रिका मोठ्याने वाचून दाखवणारं माणूस. आणि भिंगरीने अट घातली होती.

"वाचक म्हणून गोष्टीवाली ताईच हवी. बाकीच्यांचा आवाज माझ्या कानाला लागून परत जातो. आणि या वेळी नाही झालं ना, तर मी पुन्हा बसणार नाही. सांगून ठेवते."

वाचकांची चाचणी दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत होती. चाचणी घेणारे केंद्रसंचालक फळ्याकडे तोंड करून बसले होते. वळले, तर तोच आगाऊ माणूस.

"अरे देवा," ती म्हणाली.

"हेच म्हणणार होतो," तो म्हणाला.

तो गणित शिकवायचा. पोरं त्याला फूटपट्टी म्हणत, हे तिला शिपाईमामांनी जिन्यातच सांगितलं होतं. चाचणीची त्याची रीत साधी होती. भूगोलाच्या बाईंनी होड्या बांधण्यावर वीस प्रश्न काढून दिले होते, प्रत्येकाला चार पर्याय, बरोबर उत्तरावर खूण. तिने ते वाचायचे. त्याने कागद न बघता, पाठमोरं बसून, नुसत्या आवाजावरून उत्तर सांगायचं.

"मला होड्यांतलं ओ की ठो कळत नाही," तो म्हणाला. "नुसत्या अंदाजाने वीसात पाच बरोबर यावीत. वाचा."

तिने वाचलं. त्याची सतरा बरोबर आली.

"तुम्हाला होड्यांतलं कळतं," ती म्हणाली.

"तुम्हाला लपवता येत नाही." मग त्याचा आवाज उतरला. "हसण्यावारी नेऊ नका. दोन वर्षांपूर्वी एका मुलाचा वाचक असाच प्रेमळ होता. बरोबर पर्यायाशी आला की जरा रेंगाळायचा. तक्रार झाली, पेपर रद्द झाला. त्या मुलाने जी उत्तरं स्वतःच्या डोक्याने लिहिली होती, तीसुद्धा मग कोणी त्याची मानली नाहीत. मी तेव्हा शेजारच्याच खोलीत होतो... माझ्या लक्षात आलं नाही."

तिने प्रश्नांचा कागद पुन्हा सरळ केला. मग म्हणाली, "परीक्षेला तीन आठवडे आहेत. रोज चारला येईन. चालेल?"

"पावणेचार. चारला भिंगरी येते."

अशी ती रोज पावणेचारला येऊ लागली. पंधरा मिनिटं ती वाचायची, तो पाठमोरा बसून ओळखायचा. सतराची चौदा झाली, चौदाची अकरा. "'यांपैकी नाही' म्हणताना तुम्ही श्वास घेतलात," तो भिंतीकडे बघत म्हणायचा. "श्वाससुद्धा घ्यायचा नाही?" "घ्या की. सगळ्या पर्यायांना सारखा घ्या." ती त्याच्या पाठीला जीभ काढून दाखवायची. "तेही ऐकू आलं," तो म्हणायचा, आणि ती खरंच घाबरायची.

चारला भिंगरी यायची, आणि मग गोष्टीवाली नुसती बघत बसायची. त्या खोलीत टिकटिकणारं घड्याळ नव्हतं. उरलेला वेळ लाल पट्ट्यात दिसेल असं मुकं घड्याळ त्याने कुठूनतरी मिळवलं होतं. भिंगरीला बसून लिहिताना पाय आवरत नसत, म्हणून एका टेबलाच्या चारही पायांखाली दोन-दोन विटा घालून त्याने ते उंच केलं होतं. ती उभ्याने लिहायची. प्रश्न पुरा व्हायच्या आत तिच्या तोंडून उत्तर निसटायचं, तर त्यावर त्याचा उपाय एवढाच: "खिडकीपर्यंत जाऊन ये, मग सांग."

"सर, आज चार वेळा आधीच बोलले मी," भिंगरी एकदा रडवेली होऊन म्हणाली.

त्याने वही उलटली. "काल नऊ वेळा बोलली होतीस. परवा अकरा. मला तर हे उतरताना दिसतंय. तुला दिसत नाही?"

भिंगरीने वहीतले आकडे बोटाने मोजले, आणि मग खिडकीपर्यंत उड्या मारत गेली. "नीट बस" हे दोन शब्द तीन आठवड्यांत त्या माणसाच्या तोंडून एकदाही आले नाहीत. गोष्टीवालीने ते मुद्दाम मोजलं होतं. असं काही मोजायची सवय तिला याआधी नव्हती.

परीक्षेच्या पाच दिवस आधी भूगोलाच्या बाईंकडचे प्रश्न संपले.

"मी घेऊन आलेय," ती म्हणाली. "स्वतः काढलेत. विषय... मीच."

त्याची पाठ किंचित ताठ झाली. "वाचा."

"प्रश्न पहिला. मला कशाची भीती वाटते? अ, खोल पाणी. ब, झुरळं. क, टेलिफोनची घंटा. ड, यांपैकी नाही."

सगळं सपाट. भाऊ किती, मी कोणत्या इयत्तेत शाळेतून पळून गेले, सकाळी उठल्यावर पहिल्यांदा काय करते, कोणता रंग कधीच घालत नाही. विसावा प्रश्न संपला तेव्हा बाहेर भुरभुर पाऊस पडत होता आणि खिडकीच्या गजावर थेंब लोंबत होते. तिने मोजलं.

"चार बरोबर."

"चार," तो वळला. "उत्तीर्ण झालात." मग जरा थांबून म्हणाला, "म्हणजे तीन आठवड्यांत तुमच्याबद्दल मला काहीच कळलं नाही."

"परीक्षा संपली की शिकवणी लावा," ती म्हणाली, आणि छत्री विसरून जिना उतरली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सराव नव्हता; ती छत्री न्यायला आली तेव्हा शिपाईमामांनी तिला फाटकातच गाठलं. "ताई, तुमचा अर्ज अजून टेबलावरच आहे. सरांनी सही केली नाही. पाचला पाकीट जातं. सही नसली तर उद्या वाचक नाही."

साडेचार वाजले होते. ती दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली.

"चार बरोबर आली होती ना? मग सही का अडवलीत? माझ्यात काही खोट असेल तर तोंडावर सांगा. पण उद्या ती पोरगी तिथे उभी राहील, आणि—"

"तुमच्यात खोट नाही," तो म्हणाला. चेहरा पांढराफटक पडला होता. "मलाच ही सही करता येत नाही. तुम्ही फॉर्म वाचा. सातवा रकाना."

तिने फॉर्म उचलला आणि सवयीनेच सपाट आवाजात वाचला. "केंद्रसंचालकाचे प्रतिज्ञापत्र. सदर वाचकाशी माझे कोणतेही नाते अथवा निकटचा स्नेह नाही."

पंखा फिरत होता. ती पुढच्या रकान्यावर गेली, आणि परत सातव्यावर आली.

"सकाळपासून पेन हातात आहे," तो म्हणाला. "सही केली तर खोटी होईल."

"पण... मी तर माझ्या फॉर्मवर पंधरा दिवसांपूर्वीच सही केलीय. त्यातही हेच असेल."

"आहे. म्हणजे तुमच्याकडून स्नेह नाही, असं मी धरून चाललोय."

"मी तो वाचलाच नव्हता हो."

"वाचक," तो हळूच म्हणाला, "आणि न वाचता सही?"

तिला हसू फुटलं, आणि लगेच डोळेही भरले. "आता भिंगरीचं काय?"

"ते दुपारीच झालं. मोठ्या बाईंना सांगितलं. उद्यापासून केंद्रसंचालक त्या. कारण विचारलं, ते खरं सांगितलं. खूप वेळ हसल्या. तुमची चाचणी खाली त्या पुन्हा घेतील, पाच मिनिटांची, आणि सही करतील. मी उद्या इमारतीत नसेन."

ही खोली त्याने उभी केली होती. टेबलाखालची एकेक वीट त्याने स्वतः वर आणली होती, आणि ज्या दिवसासाठी हे सगळं, त्याच दिवशी तो फाटकाबाहेर राहणार होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. अशी माणसं असतात, हे गोष्टी सांगणारीलाही ठाऊक नव्हतं.

"माझं उत्तर उद्या," ती म्हणाली. "पेपर झाल्यावर. आत्ता दिलं तर उद्या आवाज हलेल."

"म्हणूनच मी विचारलं नाही," तो म्हणाला. "नवा फॉर्म भरा. या वेळी वाचून."

दुसऱ्या दिवशी तीन तासांचा पेपर आणि भिंगरीला मिळालेला जादा एक तास. ती वाचत होती, भिंगरी विटांवरच्या टेबलाशी उभी राहून लिहीत होती, मोठ्या बाई कोपऱ्यात चष्म्यावरून बघत होत्या. अकराव्या प्रश्नाशी भिंगरी थांबली. "परत एकदा." तिने वाचलं. भिंगरी खिडकीपर्यंत गेली, परत आली. "परत." तिने वाचलं. पोरीचं पेन चुकीच्या पर्यायाकडे चाललं होतं. 'क'वर नुसता आवाज टेकवला असता तरी ते वळलं असतं. तिने चारही पर्याय सारख्या श्वासात वाचले. भिंगरीने चुकीवर खूण केली आणि म्हणाली, "पुढचा."

शेवटचा प्रश्न संपला तेव्हा मुक्या घड्याळात लाल पट्टा बोटभर उरला होता. भिंगरीने पेन ठेवलं, पान उलटून बघितलं. मागे काही नव्हतं. "संपला?" तिने विचारलं. "सगळा?" मग ती जिन्यावरून जी सुटली ती फाटकाशी उभ्या असलेल्या आईच्या गळ्यात जाऊनच थांबली.

तो समोरच्या पदपथावर, बसथांब्याच्या पत्र्याखाली उभा होता. चार तास उभा असावा, एक खांदा भिजला होता.

"अकरावा चुकला तिचा," ती जवळ येऊन म्हणाली. "मला दिसत होतं. आणि मी वाचत राहिले."

"बाकीचे?"

"बाकीचे सगळे लिहिले. वेळ उरला."

"मग सगळे तिचेच आहेत," तो म्हणाला. "चुकलेलासुद्धा." त्याने तोंड फिरवलं, पण त्याने डोळे पुसले ते तिने बघितलंच.

आणि तीन आठवडे दाबून ठेवलेला तिचा आवाज एकदम मोकळा झाला. "हो," ती म्हणाली. "अहो, हो म्हणतेय मी. कधीचं म्हणायचं होतं."

बसथांब्यावरच्या चार माणसांनी वळून पाहिलं. बस आली, दार उघडलं, कुणीही चढलं नाही.

"बरं," तो म्हणाला. एवढंच सुचलं त्याला. आणि तो एवढा काटेकोर माणूस डावं-उजवं काहीही न बघता सरळ रस्त्यात उतरला. तिने बाही धरून त्याला मागे ओढलं.

"अहो, बघून चाला."

"कुठे जायचंय?"

"मला काय माहीत. तुम्ही निघालात."

मग दोघं रस्ता मोकळा होईपर्यंत थांबले. रस्ता मोकळा झाला, पुन्हा भरला, पुन्हा मोकळा झाला. त्याची ओली बाही तिच्या मुठीत तशीच होती.