कोरड्या उन्हातला लोंढा

भाद्रपदी पोळ्याचा आदला दिवस होता. पावसानं उघडीप दिली होती आणि लख्ख ऊन पडलं होतं. जुन्नरचा सत्तार कागदी लगद्याचं गाठोडं खांद्यावर टाकून कुकडी नदीवर निघाला. त्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या हाताचा कागद बनत आलेला. जुन्या गोणपाटाचा कुटलेला लगदा फडक्यात घ्यायचा आणि कंबरभर पाण्यात उभं राहून खळबळून धुवायचा. फडक्याची दोन टोकं त्याच्या कमरेला असत, दोन त्याच्या बायकोच्या, गुलशनच्या हातात.

गेल्या वर्षी तो नारायणगावच्या बाजारी गेला असताना गुलशन एकटीच नदीवर आली होती. असंच ऊन होतं. ती परत आली नाही, सापडलीही नाही. फातिहा पढायचा तर कुठल्या मातीपुढे उभं राहून पढायचा, हेही सत्तारला कळत नव्हतं.

पूर काही कागदी मोहल्ल्याखालच्या नदीकाठच्या वस्तीला नवा नव्हता. झडीच्या पावसात पायरीपायरीनं चढणारा पूर माणसाला सवड देतो. दाणागोटा माळ्यावर चढवावा, शेळ्या सोडाव्यात, म्हाताऱ्याकोताऱ्यांना उंचावर न्यावं, मग पाणी मागून येतं. गुलशनला नेलं ते पाणी वेगळं होतं. वर घाटात ढग फुटतो, खाली मात्र आभाळ निरभ्र असतं, आणि लोंढा येतो. वर्षभर सत्तारनं भेटेल त्या मेंढक्याला, कोळ्याला लोंढ्याच्या खुणा विचारल्या होत्या. आधी काटक्या येतात, पाला येतो, पाणी एकाएकी तांबूस होतं. आता हे शिकून तो कुणाला वाचवणार होता? तरी शिकला.

खालच्या अंगाला भिमाजी पोळ्यासाठी बैल धूत होता. त्याची बायको ठमाबाई पात्रातल्या खडकावर बसून झुली आपटत होती.

"काय सत्तारभाऊ, एकलेच?" भिमाजीनं हाक दिली, आणि जीभ चावून बैलाची पाठ चोळू लागला.

सत्तार पाण्यात उतरला. गुलशनची दोन टोकं त्यानं पात्रात रोवलेल्या खुंटाला बांधली आणि लगदा खळबळू लागला. फडकं ताणे, सैल पडे. थोड्या वेळानं त्याच्या ध्यानात आलं, की ही ओढ प्रवाहाची नाही. लयीत येत होती ती. एक हिसका, थोडी उसंत, मग दोन हलके हिसके. तशी धुण्याची पद्धत एकाच माणसाची होती.

तेवढ्यात तोच खुंट उपटून, फडक्याच्या गाठीतून निसटून त्याच्या मांडीला घासून वाहत गेला. फडकं मात्र तसंच ताणलेलं होतं…

त्यानं मान वर केली. समोर कुणी नव्हतं. पण पाणी तिथं दुभंगत होतं, कुणी कंबरभर उभं असावं तसं दोन्ही अंगांनी वळसा घेत होतं. मेंदीचा मंद वास आला.

"गुलशन…?"

फडकं हळूच खोलाकडे ओढलं गेलं. सत्तार एक पाऊल पुढे सरला, भीती न वाटता, सुखानं. आणखी एक. तेवढ्यात पोटाला काहीतरी टोचलं. काटकी. मग पानं आली, आणि पाण्याला तांबूस झाक चढली.

वर ऊन तसंच होतं. समोरचं दुभंगलेलं पाणीही तसंच. क्षणभर थांबलं तर कदाचित तिचं तोंड दिसेल, असं त्याला वाटलं. पण खाली खडकावर ठमाबाई होती.

त्यानं कमरेची गाठ सोडली आणि पाठ फिरवली. एवढं जड त्याला वर्षभरात काही गेलं नव्हतं.

"भिमाजी! लोंढा आला! वर व्हा!"

"आवो, ऊन तर बघा की…"

"उनाचं काय घेऊन बसलाय? पळा!"

भिमाजीनं बैल हाकले. जात्याची घरघर व्हावी तसा आवाज आला आणि वळणावरून तपकिरी पाण्याची भिंतच उभी राहिली. सत्तार काठानं धावला. पोचला तेव्हा खडक दिसत नव्हता. भिमाजी मातीत बसून कपाळ बडवून घेत होता.

मग वरच्या बाभळीखालून कण्हण्याचा आवाज आला. ठमाबाई होती, नखशिखांत भिजलेली, पण जिवंत.

"कुनी काढलं गं तुला?" भिमाजीनं विचारलं.

"एका बाईनं. मनगटाला धरून… लई गार हात व्हता." तिनं सत्तारकडे पाहिलं. "तुमच्या मोहल्ल्यातल्या बायांवानी बोलत व्हती, भाऊ."

सत्तार तिच्याजवळ उकिडवा बसला. "काय म्हनली?"

ठमाबाईनं मनगट चोळलं.

"म्हनली, त्यांना सांग… घर सोडा. मला गाळातून वर काढणारा पूर ह्यो न्हवं. त्यो अजून यायचाय."

सत्तार घरी आला. मोहल्ला उंचावरचा, पाणी कधी इथवर चढलं नव्हतं. कुलूप काढून तो आत गेला. जमीन कोरडी होती, चुलीतली राखही कोरडी. पण भिंतीवर त्याच्या डोक्याच्याही वर, खोलीभर सलग, पुरानं सोडावी तशी ओल्या गाळाची रेघ उमटली होती. तिच्यात पानं चिकटली होती. खालची भिंत मात्र खडखडीत होती.

त्यानं हात उंचावून रेघेवर बोट ठेवलं. बोट तिथंच होतं, आणि रेघ हळूहळू वर सरकत होती.