उत्तरासाठी सोडलेली जागा

आमची शाळा सदाशिव पेठेत, म्हणजे स्वतःबद्दल चांगलं मत असलेली. नववी ‘ब’चा वर्ग दुसऱ्या मजल्यावर. खिडकीतून समोरच्या क्लासची भलीमोठी पाटी दिसते, त्यामुळे खरं शिक्षण कुठे मिळतं हे मुलांना शाळेत बसल्याबसल्या कळतं. मी तिथे भूमिती शिकवतो.

जूनमध्ये मुख्याध्यापिका सबनीसबाईंनी फर्मान काढलं. प्रत्येक शिक्षकाने लॅपटॉपच्या पडद्यावर लिहीत, बोलत धडा रेकॉर्ड करायचा. चेहरा नको, पडदा आणि आवाज पुरे.

“तुम्ही नसलात तरी तास बुडायला नको, सर.”

मी रजा घेत नाही हे त्यांना माहीत होतं. पटसंख्या घटल्यामुळे गणिताच्या दोघांपैकी एक जण दिवाळीनंतर अतिरिक्त ठरणार, हे मला माहीत होतं. अतिरिक्त ठरलेल्या माणसाला शाळा सोडावी लागते. पुढे तो कुठे जातो, हे स्टाफरूममध्ये कोणी विचारत नाही.

मी ‘वर्तुळ’ रेकॉर्ड केलं. प्रश्न विचारला की थांबायचं, ही माझी जुनी सवय. व्हिडिओतही थांबलो. संगणक शिकवणारा रोहन कुरकुरला, “सर, मध्येमध्ये नुसती शांतता आहे. कापून टाकतो.”

“राहू दे. तिथे मुलं उत्तर देतील.”

“व्हिडिओला?”

“मला देत नाहीत. त्याला तरी देतील.”

वर्गातल्या प्रोजेक्टरवर पहिल्यांदा लावला तेव्हा मी मागच्या बाकावर बसलो होतो. “केंद्रातून जीवेवर टाकलेला लंब काय करतो?” माझ्या आवाजाने विचारलं आणि तो थांबला. पंख्याची घरघर. मग पुढून दीक्षा म्हणाली, “जीवेला दुभागतो.”

“शाब्बास,” आवाज म्हणाला.

मी शाब्बास म्हणत नाही. फार तर ‘बरं’ म्हणतो.

स्टाफरूममध्ये फाइल पुन्हा लावून पाहिली. प्रश्न, शांतता, पुढचा प्रश्न. शाब्बास कुठेच नव्हतं. वय झालं, असं म्हणून सोडून दिलं.

पुढच्या तासाला शौनकचं उत्तर चुकलं. “शौनक, घाई झाली बघ,” आवाज मायेनं म्हणाला, “आपण परत काढू.” आकृती पुसली गेली, नवी उमटली. अक्षर माझंच होतं, जरा सुबक.

“एआय असेल, सर,” रोहन म्हणाला. “अपडेट आलं असेल.” पूर्वी अशा वेळी लोक देवाचं नाव घेत.

माझ्या तासाला जांभया देणारी मुलं आता हात वर करून शंका विचारू लागली. तोंडं पडद्याकडे. मधल्या सुट्टीतही कोणी उठत नसे. मी वर्गात येतो-जातो, याकडे हळूहळू कुणाचं लक्ष राहिलं नाही.

मग सबनीसबाई तास बघायला आल्या. दोघांपैकी कोण राहणार, ते त्यावर ठरणार होतं.

त्या दिवशी मी प्रोजेक्टरची वायर काढली. खडू घेतला. वर्तुळ काढलं, प्रश्न विचारला, थांबलो.



मुलं माझ्या डोक्यावरून मागे बघत होती.

“जरा बाजूला होता का?” सबनीसबाई सौजन्याने म्हणाल्या. “मुलांना दिसत नाहीये.”

मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. वायर माझ्या हातात होती.

विझलेल्या पडद्यावर एक रेघ उमटू लागली.

आवाज शिकवत होता. छान शिकवत होता. सबनीसबाई मान डोलावत होत्या.

मध्येच तो थांबला.

“मागे कोण बसलंय? नवीन दिसताय. नाव काय आपलं?”

सगळा वर्ग वळला. कुणाच्याच चेहऱ्यावर ओळख नव्हती. बाईंच्याही नाही.

दीक्षा उठून माझ्या बाकाशी आली आणि वाकली.

“सांगा ना, काका,” ती कुजबुजली. “आमचे सर रागवत नाहीत.”